बुवांची सतरावी मात्रा

मी वाईट वाजवलं की बुवा गवत कापायचं मशीन सुरू करायचे.

तोंडाने 'चुकलं' असं ते कधी म्हणालेच नाहीत. त्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेले दहा-बारा लॉनमोवर कायम उभे असायचे. मी बँजोवर काही वेडंवाकडं वाजवलं की बुवा शांतपणे उठायचे, हाताशी असेल त्या मोवरची दोरी खसकन ओढायचे, आणि त्या धडधडाटात माझं वादन बुडून जायचं. मग मोवर बंद करून परत स्टुलावर. "हां, पुन्यांदा." पहिलं वर्षभर दर शनिवारी मी पेट्रोलच्या धुरात बसूनच शिकलो. घरी आलो की बायको दारातच म्हणायची, "आज फारच वाईट वाजवलंस वाटतं. शर्टाला वास येतोय."

बुवा हे आम्ही घरात ठेवलेलं नाव. माणूस नॉर्थ कॅरोलिनाचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच, सत्तरी ओलांडलेला, बारा महिने डंगरी आणि डोक्यावर तेलकट टोपी. पण गाणंबजावणं शिकवणाऱ्याला मराठी माणूस बुवा नाही तर काय म्हणणार? त्यांनीही माझं नाव कधी घेतलं नाही. पहिल्या भेटीत मी ते तीनदा सांगितलं, त्यांनी तीनदा नीट ऐकून घेतलं, आणि विचारलं, "काम काय करतूस?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. झालं, तेव्हापासून मी कॉम्प्युटर.

आता त्यांच्या बोलण्याविषयी. त्यांचं इंग्रजी मला पहिले सहा महिने निम्मंच कळायचं. शब्द इतके लांबवायचे की वाक्य संपेपर्यंत मी सुरुवात विसरलेलो असायचो. पण सूर मात्र ओळखीचा वाटायचा. माझं आजोळ कराडकडचं, आणि का कोण जाणे, बुवा बोलायला लागले की मला माझे मामाच ऐकू यायचे. आठवणीतही ते तसेच बोलतात, म्हणून तसंच लिहितो. ज्यांना अस्सल इंग्रजी हवं असेल त्यांनी आपापलं भाषांतर करून घ्यावं.

आमची गाठ पडली ती माझ्या बिनडोकपणामुळे. २००२ साल. मॉरिसव्हिलमध्ये नवं घर घेतलेलं, पुढे हिरवंगार लॉन. पुण्यात आमच्या चार कुंड्या होत्या, त्यातल्या दोन वाळलेल्या. महिन्याभरात सोसायटीचं पत्र आलं की तुमचं गवत नियमापेक्षा उंच झालं आहे. मी धावत जाऊन जुना मोवर आणला आणि त्याच्या पेट्रोलच्या टाकीत मोठ्या प्रेमाने इंजिन ऑइल ओतलं. तो बंद पडलेला मोवर घेऊन जुन्या रस्त्यावरच्या या दुकानात गेलो. बुवांनी झाकण उघडून वास घेतला.

"ह्यात त्याल वतलंस?"

"हो."

"कालेज केलंयस का?"

"हो. इंजिनिअरिंग."

बुवांनी टाकी रिकामी व्हायला लावली आणि भिंतीवर पट्ट्यांच्या गुंडाळ्यांमधे टांगलेला बँजो काढून वाजवायला बसले.

तेव्हा माझी अवस्था सांगतो. ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी आपलं सामान खोक्यात भरून बाहेर पडत होतं. माझ्या टीममधले तिघे गेले होते. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की घर, लॉन, गाडी, सगळंच जातं. झोप उडाली होती. त्या दुकानात टाकीतून तेल ठिबकत होतं, म्हातारा भिंतीकडे तोंड करून तीच एक चाल गोल गोल वाजवत होता, आणि पंधरा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की पंधरा मिनिटं मला ऑफिस आठवलं नाही. मी विचारलं, "मला शिकवाल का?"

बुवांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घड्याळ काड," म्हणाले.

घड्याळ नटबोल्टच्या डब्यात जायचं, हा नियम. दुसरा नियम, कागद-पेन बंद. तिसरा, फी नाही. पैशाचं नाव काढलं की मोवर सुरू व्हायचा. पुढे बायकोने एकदा लिंबाच्या लोणच्याची बाटली पाठवली, ती बुवांनी मक्याच्या पावाबरोबर चार दिवसांत संपवली, आणि मग तीच फी ठरून गेली. खाताना घाम फुटायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि म्हणायचे, "तुजी बायको मानूस मारंल येक दिवस. अजून आन."

पहिले तीन शनिवार बँजोला हात लावू दिला नाही. क्लॉहॅमर म्हणून तिथली जी जुनी पद्धत आहे, तिच्यात पंजा खेकड्यासारखा वळवायचा, मधल्या बोटाचं नख तारेवर वरून खाली मारायचं आणि लगोलग अंगठ्याने सगळ्यात वरची आखूड, पाचवी तार छेडायची. ती तार तंबोऱ्यासारखी सतत एकच सूर देत राहते. बम्-डिटी, बम्-डिटी. एवढंच मी तीन आठवडे मोवरच्या झाकणावर वाजवलं. "वला हात झटकतूस न्हवं? त्येवडंच. जोर लावू नगंस. हितं काय कुस्ती खेळाया आलायस?"

मग नखाचं प्रकरण. मधल्या बोटाचं नख वाढवायला हवं आणि माझं कीबोर्डवर तुटायचं. शेवटी औषधांच्या दुकानातून बायकी नखांचं पाकीट आणलं. तिथे फक्त गुलाबी शिल्लक होती. त्याच वेळी सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या. चार दिवस त्यांनी माझ्या एकाच गुलाबी बोटाकडे पाहिलं, पाचव्या दिवशी मुलीला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "जावयांचा काही नवस-बिवस आहे का गं?"

दीड वर्षाने मोवर जरा कमी सुरू व्हायला लागला. कौतुक म्हणाल तर बुवांचं ठरलेलं असायचं, "ह्याच्यापरीस वंगाळ ऐकलंय." त्याच्या वरची पायरी म्हणजे टोपी. कुणी खरोखर चांगलं वाजवलं तर बुवा टोपी डोक्यावरून काढायचे आणि परत ठेवायचे. ती मी एकदाच पाहिली होती, रेडिओवर कुणीतरी वाजवत होतं तेव्हा.

आणि मग एका शनिवारी त्यांनी मला आईची चाल दिली. पहिल्या दिवशी ऐकलेली तीच. त्यांच्या आईने त्यांना शिकवलेली, म्हणून नाव काही नाही, नुसती 'आईची'. दोन भागांची. पहिला भाग सरळ सोळा मात्रांचा. दुसऱ्या भागात शेवटच्या ओळीच्या आधी बुवांचा हात एक मात्रा थांबायचा. पाचवी तार नुसती वाजत राहायची, बुवा मान उजवीकडे वळवायचे, ओठांनी 'थू' असं कोरडंच करायचे आणि परत सुरू. मला वाटलं, म्हातारपणी लागते एखादी खोड.

घरी येऊन मी पेरांवर मोजलं. सोळा नव्हे, सतरा! पुन्हा मोजलं. सतराच. आता बघा, मी लहानपणी दोन वर्षं तबला शिकलेलो, एक परीक्षाही दिलेली. सम म्हणजे सम, तिथे यायचं म्हणजे यायचंच. त्यातून धंद्याने प्रोग्रामर. जास्तीची ओळ दिसली की माझे हात शिवशिवतात. मी स्वतःशी म्हटलं, म्हातारा माणूस, विसरत असेल बिचारा. त्यांनी आपला मोवर दुरुस्त केला, आपण त्यांची चाल दुरुस्त करून देऊ. तीन आठवडे घासून ती जास्तीची मात्रा मी काढून टाकली. चाल काय सुंदर बसली म्हणून सांगू! चौथ्या शनिवारी मी ती तीनदा सलग वाजवून दाखवली आणि ऐटीत वर पाहिलं.

बुवांनी मोवर सुरू केला नाही. ते उठले, माझ्या मांडीवरचा बँजो काढून भिंतीला टांगला, माझं घड्याळ डब्यातून काढून हातात दिलं आणि दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली. सकाळचे अकरा वाजले होते.

"काय झालं? चुकलं का काही?"

"माज्या आयला गिळाया लावलंस तू," बुवा म्हणाले. "जा घरी."

घरी जाऊन मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काय?" म्हटलं, ते कळलं असतं तर घरी कशाला आलो असतो?

पुढचे दोन शनिवार असे गेले की दुकान सगळ्या गावाला उघडं, आणि माझी गाडी दिसली की पाटी उलटी. तिसऱ्या शनिवारी बायको म्हणाली, "तू गाडीतच बस. एक अक्षर बोलू नकोस." आणि लोणच्याची बाटली घेऊन आत गेली. मी काचेतून बघत होतो. बुवा आधी पाठ फिरवून बसले होते. मग बाटली उघडली. मग बोलायला लागले, हातवारे करून. मग बायको पोट धरून हसताना दिसली आणि शेवटी ओढणीने डोळे पुसताना. माझा जीव नुसता टांगणीला.

गाडीत बसता बसता म्हणाली, "अरे, मिश्री!"

"काय मिश्री?"

"त्यांची आई. आयुष्यभर तंबाखूच्या शेतात राबली. तंबाखूची पूड खालच्या ओठात धरून ठेवायची. बँजो वाजवायला बसली की खुर्चीच्या उजवीकडे डबा. चालीत त्या ठिकाणी तोंड भरायचं, मग एक मात्रा थांबून डब्यात थुंकायची आणि पुढे वाजवायची. बुवा लहान होते, चाल तशीच शिकले. बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत यांना वाटत होतं गाणं असंच असतं!"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कारण मला माझी कराडची मोठी मामी आठवली. मामी दिवसातून चारदा मिश्री लावायची आणि आम्हा पोरांना भुताच्या गोष्टी सांगायची. "आन् मंग त्यानं दार उघाडलं, तर..." इथे उठून मोरीवर जायची, थुंकायची, पदराने तोंड पुसत परत यायची. "...तर आत कुनीच न्हाई!" तेवढ्यात आमचा अर्धा जीव गेलेला असायचा. मामी पुढे वारली, तिच्या गोष्टी आम्ही भावंडं एकमेकांना सांगायला गेलो तर एकही रंगेना. आम्ही सलग सांगत होतो ना! आणि हे सगळं माहीत असलेला मी, बुवांच्या आईला दुरुस्त करून आलो होतो. मला स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगू.

आत जाऊन म्हटलं, "बुवा, माझं चुकलं." म्हणजे इंग्रजीत म्हटलं, पण बुवा शब्दासकट.

त्यांनी बराच वेळ एक स्पार्क प्लग पुसला. मग म्हणाले, "चौघांना शिकिवली ही चाल. पुतन्या, दोघं दोस्त, आन् युनिवर्सिटीतला येक परफेसर. चौघांनी सरळ केली. परफेसरानं तर छापलीबी, सोळाची. आता माजा आंगठा बघ." अंगठ्याचं पेर सुपारीएवढं सुजलं होतं. "दोन वर्सं, लई तर तीन. मंग संपलं. लोकं चाल वाजिवतील रं, पर आय न्हसंल त्यात. ती जागा तिची हाय, कॉम्प्युटर. तिथं मी बसत न्हाय, तूबी बसायचं न्हाय."

काढलेली मात्रा परत घालणं किती कठीण असतं ते मला विचारा. हात थांबायलाच तयार नाही. डोकं म्हणतंय थांब, बोट म्हणतंय सम आली, चल. पुन्हा पेट्रोलचा धूर, पुन्हा शर्टाला वास. नोकरी कशीबशी टिकली, आमची मुलगी शाळेत जायला लागली, आणि माझी सतरावी मात्रा चारातून तीनदा जाग्यावर पडायला लागली. बुवा म्हणायचे, "तीन डाव थुकली, येक डाव गिळली. बरी हाय तब्येत."

२००६च्या वसंतात बुवांचा अंगठा पुरता बंद झाला. आता ती चाल आईसकट वाजवणारा जगात एकटा मी, आणि तोही असा बेभरवशाचा. नेमकं त्याच वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कार्यक्रमांचं बघणाऱ्या काकूंनी मला पकडलं. "तू ते अमेरिकन काहीतरी वाजवतोस ना? फ्युजन कर. पाच मिनिटं हं, आरतीला उशीर नको." तबल्याला नागपूरचा नितीन. त्याला सतरा मात्रा सांगितल्यावर तो तबल्यावरून हातच काढून बसला. "अबे, आठ मात्रांच्या केरव्यात सतरावी कुठे टाकू? खिशात ठेवू का?" शेवटी ठरलं की त्या जागी त्याने माझ्याकडे बघायचं, मी थांबलो की थांबायचं.

बुवा आले. इस्त्रीची डंगरी, धुतलेली टोपी. शाळेच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, बायको आणि मुलीच्या मधे, हातात कॉफीचा कागदी पेला. कुणी काय वाजवणार याची त्या दोनशे माणसांत कुणालाच पडलेली नव्हती, फक्त त्या म्हाताऱ्याला सोडून.

मी सुरू केलं. पहिला भाग झकास. आणि आपली मराठी माणसं, ठेका दिसला की टाळ्या धरतातच! दोनशे जणांनी एका लयीत टाळ्या धरल्या, नितीन रंगात आला, माझ्याकडे बघायचंच विसरला, ती जागा आली, आणि मी त्या सगळ्या लोंढ्याबरोबर सरळ पुढे वाहत गेलो. सोळा. दुसऱ्या फेरीला पुन्हा सोळा. लोक खूश. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बुवा ओठ गच्च मिटून, गाल फुगवून बसले होते. तोंडात काही नव्हतं त्यांच्या, पण गिळत नव्हते.

तिसऱ्या फेरीला ती जागा आली आणि मी हात उचलून धरला.

पाचवी तार तेवढी वाजत राहिली. दोनशे टाळ्या पोकळीत पडल्या. नितीन धडपडला. काकूंनी कपाळाला हात लावला. आणि त्या भयाण शांततेत तिसऱ्या रांगेतून कागदी पेल्यात खणखणीत आवाज आला, "थू!"

मी पुढची ओळ उचलली. चौथ्या फेरीला नितीन माझ्याबरोबर थांबला. त्या जागी बुवांच्या शेजारून माझी सात वर्षांची मुलगीही म्हणाली, "थू!" मग काय, पोरांना असं काही शिकवावं लागतं का? पाचव्या फेरीला पुढच्या सतरंजीवरची सगळी फॅन्सी ड्रेसमधली मंडळी, दोन शिवाजी, एक झाशीची राणी आणि तीन भाजीवाल्या, एका सुरात "थू!" सातव्या फेरीला अख्खा हॉल बरोबर मात्रेवर थांबत होता. काकू माईकवरून ओरडत होत्या, "अरे, बाप्पासमोर थुंकताय काय!" पण त्यांचंही ओरडणं बरोबर त्याच जागेत पडत होतं.

आरतीनंतर बुवांनी पाच मोदक खाल्ले आणि मूर्तीसमोर जाऊन उभे राहिले.

"ह्येचा येक दात तुटलाय."

"हो, तो तसाच असतो."

"किती वर्सं झाली?"

"हजारो."

"आन् कुनीबी बसवून दिला न्हाई?"

"नाही."

"मंग तुला माज्याच आयला नीट करायची हौस का आली?" म्हणाले आणि सहावा मोदक उचलला.

२००८मध्ये माझी बदली देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, चँडलरला झाली. जायच्या आदल्या दिवशी दुकानात गेलो. आजूबाजूला सगळीकडे नवी घरं उठली होती, मोवर दोनच उरले होते आणि बुवांच्या अंगठ्याला पट्टा होता. मी आपणहून घड्याळ काढून डब्यात टाकलं.

"वाजीव," म्हणाले, आणि नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले.

मी आईची वाजवली. ती जागा आली, मी थांबलो, तार वाजत राहिली. बुवांनी मान वळवली नाही, थू केलं नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. दुसऱ्या फेरीलाही नाही. तिसऱ्याला वाटलं, डोळा लागला असेल. पुढे पुढे मला भीती वाटायला लागली की बुवा विसरले. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तोच विसरला, तर मी थांबतोय कुणासाठी? पण थांबत गेलो. आठ फेऱ्या वाजवून हात खाली ठेवला आणि विचारलं, "बुवा, आज थुंकला नाहीत?"

"तकडं ऱ्हाशील तवा कोन थुकनार हाय तिथं?" भिंतीकडे बघतच ते म्हणाले. "थुकनारं कुनी नसलं तर थांबतूस का, त्येच बघत हुतो."

"थांबलो ना?"

"आटीच्या आट डाव." आणि बुवांनी टोपी काढली, आणि परत डोक्यावर ठेवली.

मला एकदम रडायलाच आलं. अगदी हुंदके देऊन, लहान पोरासारखं. बुवांनी मागे वळून पाहिलं, सावकाश उठले, आणि जवळच्या मोवरची दोरी डाव्या हाताने खसकन ओढली.